मदत हवी आहे: थंडी आली की आईला दवाखान्यात न्यावं लागतं, आधीच काय तयारी करावी?

नमस्कार मंडळी,

आई ६८ वर्षांची, निफाड तालुक्यात राहते. सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे, शिवाय हृदयाचं पंपिंग कमी. विडी-सिगारेट कधी नाही, चुलीपुढे बसून बसून फुफ्फुसं गेली. एरवी बरी असते. डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहावर उतरला की छातीत घरघर, पायांवर सूज, रात्रभर उशा रचून बसून राहणं आणि शेवटी अ‍ॅडमिट. त्या दिवसांत खाट मिळायचीही मारामार असते, दम्याचे आणि हार्टचे पेशंट एकदमच येतात.

डॉक्टरांनी कारण सांगितलंय. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, हृदयावर ताण येतो. कोरड्या गार हवेनं श्वासनळ्या आवळतात. त्यात थंड हवा जमिनीलगत बसून राहते, धूर वर जातच नाही. आमच्या भागात द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. आमच्याही बागेत पेटवाव्या लागतात, पीक वाचवायचं तर इलाज नसतो. दार उघडलं की अंगणभर धूर.

मला मुख्य विचारायचंय ते फ्लूच्या लशीबद्दल. कॅनडातल्या ऑन्टारियोत झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फ्लू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हार्ट अ‍ॅटॅकचं प्रमाण सहापट दिसलं. ते वाचल्यापासून लस द्यायचीच हे ठरलंय, पण कधी? आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये. मग मे महिन्यात द्यावी की ऑक्टोबरमध्ये? मेमधल्या डोसचा असर थंडीपर्यंत पुरतो का? तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलं?

दुसरं म्हणजे, मावशी रत्नागिरीला असते. ती म्हणते, दोन महिने ताईला माझ्याकडे पाठव. तिकडे असा गारठा नाही, पण हवा दमट. अशा पेशंटला कुणी हिवाळ्यापुरतं कोकणात ठेवलंय का? दम कमी लागला की दमटपणानं उलट त्रास झाला? आई तर "गुरांचं कोण बघणार?" म्हणून विषयच बंद करते. तिला कसं राजी करावं हेही सुचवा.

आणि रोज सकाळी वजन करून वहीत लिहायला सांगितलंय, अंगात पाणी साठलं तर आधी वजनात कळतं म्हणून. आईला आकडे नीट दिसत नाहीत. बोलणारा वजनकाटा कुणी वापरलाय का?

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतलीय. औषधांची नावं हवी असतील तर डिस्चार्ज कार्ड बघून लिहितो.