सागवानाची जुनी दारं कापायची आहेत, कोणती मशीन घेऊ? (नागपूर)

मनीषनगरचा हौशी
उमरेडचं आजोबांचं घर पाडलं. त्यातली सागवानाची चार दारं आणि दोन चौकटी गच्चीवर आणून ठेवल्या आहेत. दारं दीड इंच जाड, चौकट चार बाय तीन इंच. दिवाण आणि पुस्तकांचं कपाट करायचं आहे. घरी चार इंची मार्बल कटर आहे, त्यालाच लाकडाचं पातं लावून भागेल की सात इंची सर्क्युलर सॉ घ्यावी लागेल? सुतारकाम फक्त रविवारचं.

रंधा-पटाशी
मार्बल कटर नको भाऊ. सगळेच वापरतात, आमच्या साइटवरही वापरतात, तरी नको. एक तर ती बारा-तेरा हजार आरपीएमने फिरते, सात इंची साधारण पाच-साडेपाच हजाराने. दुसरं, तिला खालचं स्प्रिंगचं गार्ड नसते. काप संपला, मशीन उचलली, की पातं उघडंच फिरून राहिलं असते. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख अर्धंच उगवते, ते त्याच्यामुळेच. आणि चार इंची पातं जाते जेमतेम सव्वा इंच. तुमचं दार दीड इंचाचं!

सात इंचीच घ्या. बॉशची जीकेएस १९० पाहा: १४०० वॅट, उभ्या कापात ७० मिमी. मकिताही चालते. पण दुकानात वॅट विचारत बसू नका, गुण्या खिशात घालून जा. पातं आणि खालची प्लेट काटकोनात आहे का? प्लेट ४५ अंशांवर नेऊन परत शून्यावर आणली तर पुन्हा काटकोन येतो का? गार्ड बोटाने मागे ढकलून सोडा, खट्कन परत आलं पाहिजे. रेंगाळलं तर ती मशीन ठेवून द्या. पातळ पत्र्याची प्लेट एकदा पडली की वाकली समजा, मग कितीही वॅट असो, काप तिरपाच.

वाचलेले पैसे पात्यात घाला. सागात सिलिका असते, साधी पाती लवकर बोथट होतात. टीसीटीच घ्या, म्हणजे दातांना टंगस्टन कार्बाइडची टोकं असलेली. लांबीत फाडायला २४ दाती, आडव्या कापाला आणि प्लायला ४० किंवा ६०. पात्याचं भोक मशीनशी जुळते का ते आधी पाहा.

लकडगंजातला
चौकट तीन इंच म्हणजे ७५ मिमी, ७० मध्ये बसत नाही. दोन्ही बाजूंनी रेघ मारून अर्धं-अर्धं कापा. आरा मशीनवर नेऊ म्हणाल तर जुनं लाकूड पाहूनच हात जोडतात, एका खिळ्यात त्यांचा पट्टा जातो. तुमचंही पातं तसंच जाईल. जुन्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवा, ओढलं की थांबा. खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं असते, तेही पाहा.

वर्षा, त्रिमूर्तीनगर
गच्चीवर काम करणार तर एक्स्टेंशन तांब्याचं २.५ स्क्वेअर मिमीचं घ्या, पूर्ण उलगडूनच वापरा. बारीक वायरवर मशीन दमते आणि जळते. मे महिन्यात तर सकाळी नऊच्या आत आटपा. पातं खालून वर कापतं, म्हणून चांगली बाजू खाली ठेवायची, नाहीतर वर ढलप्या निघतात. खोली इतकीच ठेवा की फळीखाली एक दात दिसेल. आणि हाताने सरळ काप येत नसतो, दादा. ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप दोन शिकंज्यांनी आवळा, मशीन त्याला टेकवून न्या.

मनीषनगरचा हौशी
इतवारीत जाऊन आलो. पहिल्या दुकानात गुण्या काढला तर मालक म्हणाला, "साहेब, मशीन घ्यायला आले की सोयरीक पाहायला?" दुसऱ्या दुकानात घेतली. चुंबकाने एका दारात अकरा खिळे आणि कडीचा तुटका स्क्रू सापडला. तीन दारं फाडून झाली.

चौथ्यावर आतल्या बाजूने आजीचा दुधाचा हिशेब आहे, खिळ्याने ओढलेल्या रेघा. ते नाही कापत. दिवाण अर्धा फूट आखूड होणार.

रंधा-पटाशी
पाय दुमडून झोपा.