ओसाका: काय पाहिलं, काय खाल्लं, काय आणलं? तुमचे अनुभव लिहा

गेल्या नोव्हेंबरात आम्ही दहा दिवस ओसाकाला जाऊन आलो आणि तेव्हापासून ओळखीतले निम्मे लोक विचारतायत की टोकियो सोडून ओसाका का, तिथे आहे काय बघायला. म्हणून म्हटलं जे जे जाऊन आलेत त्या सगळ्यांनी मिळून लिहूया. दिवसवार आयटिनरी नको, त्या ढिगाने मिळतात. तुमच्या लक्षात राहिलेलं एखादं दुकान, एखादा पदार्थ, एखादी फजिती, ते सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते, ताकोयाकीपासून. हॉटेलच्या मागच्या गल्लीत एक काका-काकू फक्त तेवढंच विकायचे. पहिल्या संध्याकाळी त्यांचा बिडाचा तवा बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर आप्पेपात्र!" आणि खरंच तेच, फक्त खळगे कितीतरी जास्त. काकू ब्रशने तेल फिरवायच्या, मग खळगे भरून वर वाहील इतकं पातळ पीठ ओतायच्या, त्यात ऑक्टोपसचा तुकडा, कुरकुरीत पिठाची चुरी, लाल आलं, पातीचा कांदा. मला वाटलं सांडलं सगळं, पण नाही, थोडं धरलं की हातातल्या अणकुचीदार सळईने दोन ओळींच्या मधून रेघा मारायच्या आणि ते वाहिलेलं पीठ आपापल्या खळग्यात खुपसत गोळा पाव फेरा वळवायचा, परत थोड्या वेळाने पाव फेरा, असं करत करत तो पूर्ण गोल होतो. आप्पे आपण एकदाच उलटतो, इथे सतत फिरवणं चालू. वर गोड काळसर सॉस, मेयोनीज, समुद्री शेवाळ्याची हिरवी पूड, आणि सुक्या माशाचे कागदासारखे पापुद्रे जे वाफेने जिवंत असल्यासारखे हलत राहतात. आत इतकं गरम असतं की पहिला घास मी अक्षरशः डोळे मिटून गिळला.

हा पदार्थ ओसाकातलाच, १९३५ सालचा. आधी तिथे अशाच गोळ्यांत गोमांस घालायचे, मग शेजारच्या आकाशी गावात ऑक्टोपस घालतात हे कळलं आणि तो घातला. 'कुइदाओरे' म्हणून शब्द आहे तिकडे, खाण्यापायी कफल्लक होणं, आणि ओसाकाची माणसं तो अभिमानाने मिरवतात. आम्ही दहातल्या सात संध्याकाळी त्या गल्लीत होतो, शेवटी काका आम्हाला बघितलं की न विचारता सहाची प्लेट भरायला घ्यायचे.

आता तुम्ही लिहा.

* * *

आम्ही शाकाहारी, त्यामुळे माझा अनुभव जरा वेगळा. माझे आईबाबा दोघेही सत्तरीचे, अंडंसुद्धा नाही. तिकडे मांस दिसतं म्हणून टाळता येतं पण दाशी दिसत नाही. दाशी म्हणजे त्यांचं सार, बहुतेक वेळा कात्सुओबुशी या सुक्या माशाचं, आणि ते उदोनच्या (जाड नूडल्सच्या) रश्शात, ओकोनोमियाकीच्या (कोबीच्या जाड धिरड्याच्या) पिठात, साध्या उकडलेल्या भाजीतसुद्धा. पहिल्या दिवशी नुसती भाजी आणि तोफू दिसला म्हणून आईला दिलं आणि दोन घासांनंतर तिनेच ओळखलं. ती काही बोलली नाही, वाटी सरकवली फक्त, पण मला इतकं वाईट वाटलं की दुसऱ्या दिवसापासून मी जपानीत लिहिलेला कागदच बाळगला: मांस नको, मासे नकोत, माशाचं दाशीही नको, अंडं नको. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही, दाशी शब्द हवाच. चार दुकानांनी मान लववून माफी मागून नाही म्हटलं, पण एकानेही खोटं सांगून वाढलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

जानेवारी होता आणि मध्ये संकष्टी आली. आईचा उपास, आणि खोलीत फक्त राजगिऱ्याच्या वड्या. संध्याकाळी चालताना एका दुकानाच्या दाराशी खमंग वास, बघतो तर तापलेल्या खड्यांवर अख्खी रताळी! याकिइमो म्हणतात. साल जांभळी, आत पिवळंधमक, आणि इतकं गोड की चमच्याने खावं, मीठ-तूप काही लागत नाही. आईने तिथेच कडेला उभं राहून कागदाच्या पिशवीतून खाल्लं आणि म्हणाली, "आता दोन पाव किलो घे, बाबांनाही लागतील." मग ती चंद्रोदयाची वेळ शोधायला लागली, ओसाकाची, पुण्याची नाही. सोसायट्यांच्या मधून चंद्र दिसला तेव्हा मोबाईलवर आरती लावून हात जोडले.

* * *

मी इथे कानसाईत, म्हणजे ओसाका-क्योतोच्या भागात, अकरा वर्षं आहे, त्यामुळे पाहुणे येऊन गेले की जे सांगून दमते ते इथे लिहून ठेवते.

सरकत्या जिन्यावर ओसाकात उजवीकडे उभं राहतात, टोकियोत डावीकडे. टोकियोहून आलेले इथे हमखास चुकतात. कचऱ्याचा डबा रस्त्यावर शोधू नका, जिथे विकत घेतलं तिथेच उभं राहून खा आणि रिकामी डिश त्यांनाच परत द्या. चालत चालत खाणं बरं दिसत नाही. उतरल्यावर इकोका कार्ड घ्या, मेट्रो, बस, कोपऱ्यावरचं दुकान, सगळीकडे चालतं.

आणि ओसाकातल्या शिनसेकाई भागात कुशिकात्सु खाल्ल्याशिवाय जाऊ नका. काडीला लावून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं काहीही: मांस, कोलंबी, पण कांदा, वांगं, कमळकाकडी, भोपळी मिरचीसुद्धा. पूर्वी सगळ्यांना मिळून एकच सॉसचं भांडं असायचं आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी, दुसऱ्यांदा बुडवायचं नाही! एकदा चावलेली काडी परत त्यात गेली तर मालक ओरडणार. माझ्या आजीला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे उष्टं पाळतात की." अगदी तेच. सॉस कमी पडला तर सोबत दिलेल्या कोबीच्या पानाने उचलून वर घालायचा. कोविडनंतर पुष्कळ ठिकाणी सॉसच्या बाटल्या आल्यात पण पाट्या आहेत अजून. तिथूनच त्सुतेनकाकूचा मनोरा दिसतो, पहिला १९१२ चा युद्धात गेला, आत्ताचा १९५६ चा आहे. वर बिलिकेन नावाचा पाय पसरून बसलेला गोबरा देव आहे, त्याचे तळवे चोळायचे, लोकांच्या हातांनी गुळगुळीत होऊन खड्डे पडलेत.

* * *

माझं सांगलीला केटरिंग आहे, त्यामुळे दोतोनबोरी भागातला तो ग्लिको कंपनीच्या जाहिरातीतला धावणारा माणूस वगैरे पाच मिनिटांत बघून मी थेट सेन्निचिमाए दोगुयासुजीला गेलो. नांबा स्टेशनपासून चालत. दीडशेक मीटरची झाकलेली गल्ली, आणि दोन्ही बाजूंना फक्त हॉटेलवाल्यांचं सामान. कढया, झारे, ताकोयाकीचे तवे, दुकानाबाहेर लावायचे कापडी पडदे, मेणा-प्लॅस्टिकचे हुबेहूब पदार्थ. मला तिथून बाहेर काढायला बायकोला दोन फोन करावे लागले.

सुरी घ्यायची होती. ओसाकाला लागूनच साकाई गाव आहे, शेकडो वर्षं सुऱ्या बनवणारं, तिथला माल इथे मिळतो. दुकानदाराने आधी विचारलं काय कापता, मग विचारलं उजवे की डावे, कारण काही जपानी सुऱ्यांना एकाच बाजूने धार असते. मी म्हटलं भाज्या, रोज पन्नास किलो. त्याने नाकिरी काढून दिली, आयताकृती पातं, पातळ, खाली फळीला पूर्ण टेकणारं, आणि एक कोबी आणून ठेवला समोर. सुरी दाबावी लागली नाही, नुसती टेकवून पुढे ढकलली आणि कोबीची पानं केसासारखी सुटत गेली. पात्यावर नाव कोरून देतात, मी देवनागरीत आईचं नाव कागदावर लिहून दिलं, त्याने छिन्नी-हातोडीने ठोकून हुबेहूब उतरवलं, शिरोरेघ पण सरळ.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. एक, सुरी चेक-इनच्या बॅगेत, केबिनमध्ये नाही. दोन, ही आपल्या विळीसारखी सोसणारी नाही. परत आल्यावर आमच्या एका पोराने तिने नारळ फोडायला घेतला आणि धारेचा टवका उडाला. दुकानदाराने निघताना हाताने खूण करून सांगितलं होतं, हाडं नको, गोठलेलं नको, कठीण काही नको, आणि मी ते पोरांना सांगितलं नव्हतं, चूक माझी. आता पाणदगडावर घासून घासून बरीचशी परत आणलीय, धुतली की लगेच पुसायची नाहीतर गंजते. नारळाला कोयताच.

* * *

खरेदीबद्दल थोडक्यात. एकाच दुकानात एका दिवशी ५००० येनच्या वर घेतलं तर टॅक्स वाचतो, पासपोर्ट जवळ हवा, फोटो चालत नाही. मात्र १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलतेय, आधी टॅक्ससकट पैसे भरायचे आणि निघताना एअरपोर्टवर तपासणी झाली की परत मिळणार, तेव्हा निघायच्या दिवशी हाताशी वेळ ठेवा. शिनसाइबाशीच्या बाजारात गर्दी फार. तेन्जिनबाशीसुजीला जा त्यापेक्षा, अडीच किलोमीटरच्या वर लांब झाकलेला बाजार, जपानमधला सगळ्यात लांब, आणि तिथे घरची माणसं भाजी आणायला येतात. मुलीने फक्त पेनं आणि खोडरबर घेतले, आणि अजून वर्गात वाटतेय.

* * *

वर कुणी किल्ल्याबद्दल लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. मी सह्याद्रीत वीस वर्षं गड चढतोय. ओसाकाचा किल्ला हिदेयोशी या सत्ताधीशाने १५८३ साली बांधायला घेतला असं वाचून गेलो आणि मुख्य इमारतीत शिरलो तर लिफ्ट! १९३१ साली लोकवर्गणीतून सिमेंटमध्ये उभारलेली आहे ती. आतलं म्युझियम चांगलं आहे पण माझा विरस झाला आणि मी बाहेर येऊन बसलो.

मग तट बघायला लागलो आणि तिथेच तीन तास गेले. हे दगडकाम हिदेयोशीनंतर सत्तेवर आलेल्या तोकुगावा घराण्याच्या काळातलं, १६२० नंतरचं, त्यांनी सरदारांना वाटून दिलं होतं आणि कित्येक चिऱ्यांवर त्या त्या सरदाराची खूण कोरलेली अजून सापडते. साकुरामोन दरवाजातून आत शिरलं की समोर ताकोइशी, एकसंध दगड, अंदाजे १०८ टन. आपल्याकडे डोंगराचाच कातळ तासून तट उठवला, यांना सपाटीवर सगळं बाहेरून आणावं लागलं, बोटींतून समुद्रमार्गे. चुना नाही, काही नाही, नुसते सांधे. कोपऱ्यात चिरे आडवे-उभे एकाआड एक लावून खाली पसरत नेलेत, त्यामुळे खंदकात उतरणारी कड बाकदार दिसते. जाल तर सकाळी लवकर जा, आणि तिकीट नाही काढलं तरी तटाभोवती फिरा, त्याला पैसे पडत नाहीत.

* * *

गणपतीवाल्यांसाठी! नांब्याहून किन्तेत्सु रेल्वेच्या गाडीने वीसेक मिनिटांत इकोमा येतं, तिथून डोंगरावर जायला १९१८ पासून चालणारी केबल कार आहे, वर होझानजी मंदिर. तिथे कांगितेन म्हणजे आपला गणपती. मूर्ती कुणालाही दाखवत नाहीत, पण त्याच्या खुणा सगळीकडे कोरलेल्या, दोन पायांसारखे फाटे असलेला मुळा आणि पैशाचा बटवा. दुकानदार, धंदेवाले पहाटेपासून येतात. दर्शन झालं नाही असं मला एकदाही वाटलं नाही, मी पायऱ्यांवर बसून अथर्वशीर्ष म्हटलं.

आणि क्योतोला गेलात तर गिओनमध्ये कामेया कियोनागा हे १६१७ चं दुकान शोधा, तिथे 'कांकिदान' मिळतं. बटव्याच्या आकाराचं, वर आठ चुण्या आवळलेल्या, आत लाल चवळीसारख्या डाळीचं सुगंधी पुरण, तिळाच्या तेलात तळलेलं. मोदकाचंच कूळ. कडक असतं, हलकं भाजून घ्या.

* * *

आम्ही सुमियोशी ताइशा या देवळात जुन्या हानकाई ट्राममधून गेलो होतो, आजीला घेऊन, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. शेजारी एक जपानी आजी बसल्या होत्या, वाघाच्या तोंडाचा स्वेटर घातलेल्या. त्यांनी पर्समधून गोळ्या काढून आमच्या आजीच्या हातात ठेवल्या, "आमेचान, आमेचान" म्हणत. ओसाकाच्या बायका अशा गोळ्या नेहमी जवळ बाळगतात आणि अनोळखी माणसालाही देतात, हे मला नंतर कळलं. आजीला भाषा कळायचा प्रश्नच नव्हता, तिने पिशवीत हात घातला आणि तिळगुळाची वडी काढून दिली आणि चक्क म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला." त्या आजींनी वडी नाकाशी नेली, डोळे मोठे केले, म्हणाल्या "गोमा!" म्हणजे तीळ. अर्धी तोडून तिथेच तोंडात टाकली आणि उरलेली अर्धी रुमालात नीट गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.