घरी परतणाऱ्याच्या पिशवीतून काय निघायचं?

फोंडा, गोवा (धाग्याची सुरुवात)

फातर्प्याच्या जत्रेहून शेजारी आले आणि दारातूनच खाज्याची पुडी हातात ठेवून गेले. जत्रेला जाऊन खाजं न आणणारा माणूस जत्रेला गेलाच नाही, असा आमच्याकडे हिशेब. वस्तू तशी साधी. बेसनाच्या बोटभर कांड्या तळायच्या, आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या, वर तीळ. आता त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय म्हणे. मिळो.

माझे आजोबा म्हार्दोळच्या जत्रेहून खाजं आणायचे ते वर्तमानपत्रात बांधून. पाक कागदाला असा चिकटायचा की कागद सोलून निघायचा आणि गुळावर बातमीची अक्षरं उलटी उमटायची. आम्ही भावंडं आधी ती वाचायचा प्रयत्न करायचो, मग खायचो. शाई पोटात किती गेली कोण जाणे.

तर तुमच्या घरी बाहेरून येणाऱ्याच्या पिशवीतून, खिशातून, ओच्यातून काय निघायचं? नुसती यादी नको. कोण आणायचं, तेही लिहा.

म्हापसा

शुक्रवार. आमच्या घरात वाराला नावच नव्हतं, 'बाजार' म्हणायचे. आई सकाळी सातला बाहेर पडायची आणि मी शाळेतून येईपर्यंत तिची पिशवी स्वयंपाकघरात आडवी पडलेली असायची. वर मयड्याची केळी, खाली आळसांदे (चवळीसारखं कडधान्य), आणि मे महिन्यात अगदी वर, दबू नयेत म्हणून, पानाच्या द्रोणात काटां आणि चुन्नां. करवंदं म्हटलं की बाहेरच्यांना कळतं, पण आमच्या तोंडी ती काटांच. चुन्नां पांढरी, पिठूळ, जवळजवळ बिनचवीची. तरी भांडण चुन्नांवरून व्हायचं, कारण ती द्रोणात थोडी असायची.

खडखडे लाडूही यायचे, पण ते आम्ही खायचो कमी आणि फोडायचो जास्त. वरवंट्याने.

वाळपई

पिशवी कुठली? बाबा काजूच्या बागेतून यायचे ते एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात बाटली. बाटलीत निरो.

ज्यांनी प्यायला नाही त्यांच्यासाठी: बोंडू, म्हणजे काजूची फळं, दगडी कुंडात पायांनी तुडवतात, पहिला रस भट्टीसाठी आंबवायला जातो. उरलेल्या चोथ्याचा ढीग रानवेलीने गोल बांधून त्यावर मोठा दगड ठेवतात. मग त्यातून थेंब थेंब जो निथळतो तो निरो. स्वच्छ, गोड, घशाला किंचित खरवडणारा. सकाळी दहाला जी चव असते ती दुपारी तीनला नसते, हळूहळू तो दुसऱ्या रस्त्याला लागतो. म्हणून बाबा जवळजवळ पळत यायचे. दारातच "आधी पी, मग विचार."

बिया भाजायचा उद्योग मात्र आमचा. अंगणात फुटका पत्रा, खाली काट्याकुट्यांचा जाळ. टरफलातलं तेल पेट घेऊन फडफडायचं, त्यावर माती टाकून विझवायचं आणि मग फोडायच्या. निवायच्या आत दातांनी फोडली की ओठांच्या कडेची साल निघालीच. पहिली ते चौथी, दर एप्रिलमध्ये माझ्या ओठांना काळी किनार होती. बाईंनी विचारलं की "पडलो" सांगायचो. चारही वर्षं.

पर्वरी

5 जुलै 1986 ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. माझे बाबा पणजीत नोकरीला, त्यामुळे तेव्हापासून रोजचा प्रवास फेरीबोटीने, बेतीपर्यंत. ऐन पावसाळा, धक्क्यावर माणसांची ही झुंबड. घरी यायला रात्रीचे आठ-साडेआठ.

खिशात चण्यांची पुडी असायचीच. रेनकोटाच्या आत, शर्टाच्या खिशात, छातीपाशी ठेवलेली, तरी ओलसर व्हायचीच. मी तेव्हा पाच वर्षांचा. चणे मऊ आणि गार असतात, असंच माझं ज्ञान. पुढे एका लग्नात कोणीतरी मूठभर कुरकुरीत चणे दिले तेव्हा मी ते कच्चे आहेत म्हणून परत केले. बाबा मोठ्याने हसले, मग बराच वेळ बोललेच नाहीत.

मडगाव

वरच्या सगळ्यांचे आणणारे घरचे होते. आमचा पोदेर होता. पाववाला, पोर्तुगीज पादेइरोवरून आलेला शब्द. आम्ही सायकलचा भोंगा ऐकला, आजीच्या लहानपणी म्हणे बांबूच्या काठीला लावलेल्या चकत्या खुळखुळवत यायचा. उंडो, पोई, कातरे पाव मोठ्यांसाठी. मुलांसाठी कांकणं. बांगडीसारखी, कडक. चहात बुडवून खायची म्हणतात, पण आम्ही मनगटात घालून खेळायचो आणि खेळ संपला की खायचो.

फोंडा: खेळून झालेलं कांकण? मातीसकट?

मडगाव: चहात धुवून निघायचं.

साळगाव

आमच्याकडे पिशवी नाही, ताट यायचं. नाताळात शेजारच्या मावशी क्रोशाच्या रुमालाखाली झाकून कोन्सुआद, म्हणजे नाताळचा फराळ, आणायच्या. दोदल, कुलकुल, बोलीण, पेरूची पेराद, आणि कोपऱ्यात बिबिंकाची एकच पातळ चकती. एकच, कारण एकेक थर भाजत बसायला अख्खा दिवस जातो, हे त्या दरवर्षी सांगायच्या.

आजी कडक शाकाहारी. बिबिंकात नारळाचा रस, साखर, तूप असतं एवढंच तिला सांगितलेलं. अंड्यांच्या पिवळ्या बलकाबद्दल घरात सगळ्यांनी मिळून मौन पाळलं होतं. तिला ते फार आवडायचं. "किती छान पिवळा रंग आलाय, हळद घालत असतील," म्हणायची. आई तेवढ्यात चुलीकडे बघायला जायची.

ताट रिकामं परत करायचं नाही हा नियम दोन्ही घरांना होता. त्यामुळे ते चवथीला, गणपतीत, नेवऱ्या (करंज्या) घेऊन परत जायचं. मधले आठ-नऊ महिने आमच्या फळीवर. खरं कोणाचं होतं ते आता दोन्ही घरांत कोणाला आठवत नाही.

डिचोली

तुम्हा सगळ्यांचं वाचून थोडा हेवा वाटला. माझे वडील मे संपता संपता एकदाच मोठी पिशवी भरून आणायचे. ते पुरुमेंत, पावसाळ्याची बेगमी. मी आशेने हात घालायचो तर हाताला लागायचा सुका बांगडा. त्याखाली सुकी सुंगटं (कोळंबी), मिरच्या, सोलं, मीठ. खाऊ असा कधी नाहीच. पगार एका खाणीवरचा, तोही वेळेवर नाही, आणि त्या कंत्राटदाराबद्दल इथे लिहिण्यात अर्थ नाही.

पण आई पावसात, जुलैच्या एखाद्या दुपारी, फणसाचं साठ बाहेर काढायची. आंब्याचं सगळ्यांकडे असतं. हे बरक्या फणसाचं, तपकिरी, चामड्यासारखं. कात्रीने कापून द्यायची. एक तुकडा अर्धा तास पुरायचा. त्या अर्ध्या तासात ती झोपून घ्यायची.

काणकोण (सध्या पुणे)

मी आता स्वतःच परतणारी आहे, आणि माझी पिशवी उलट्या दिशेने भरते. दिवाळी करून निघताना आई गावठी फोव बांधून देते, कारण पुण्यातल्या पोह्यांवर तिचा विश्वास नाही. आमची दिवाळी फोवांचीच. पहाटे नरकासुर जळाला, पायाखाली कारीट फोडलं, आंघोळ झाली की शेजारी-पाजारी फोव खायला जायचं. दुधातले, ताकातले, गुळाचे, फोडणीचे आणि रोसातले, प्रत्येक घरी तेच, आणि प्रत्येक घरी "आमच्याकडचे खा" हा आग्रह. पाचव्या घरी फक्त ताकातले उतरायचे.

म्हापसा: रोसातले नीट कसे करायचे ते लिही ना. माझे नेहमी गिच्च होतात.

काणकोण (सध्या पुणे): नारळाचा जाड रस काढ, गूळ त्यात कच्चाच विरघळव, उकळायचा नाही. वेलची, चिमूटभर मीठ. फोव धुवून निथळून बाजूला ठेव आणि पाहुणा दारात चपला काढायला लागला की मग मिसळ. तू आधीच मिसळून ठेवत असणार.

म्हापसा: आदल्या रात्री.