बिनपिसांचा बाण उजवीकडे जातोय? आधी नॉकिंग पॉइंट
बाण धनुष्याला जुळतो का हे बघायला पिसांच्या बाणांसोबत बिनपिसांचा बाण मारून बघतात. तो उजवीकडे लागतो म्हणून थेट कडक शाफ्ट (बाणाची दांडी) घ्यायचा सल्ला मिळतो, पण थांबा. नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची खूण) फार खाली असेल तर बाणाचं शेपूट शेल्फवर (धनुष्यावर बाण टेकतो ती जागा) आपटून उसळतं आणि चाचणीच फसवी ठरते. म्हणून तो मुद्दाम थोडा वर बांधा. बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांखाली लागत असेल तर मिलिमीटरभर खाली घेत जा. मग १५-२० यार्डांवरून दोन्हींचे तीन-तीन मारा. अजूनही उजवीकडेच? उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यासाठी शाफ्ट मऊ पडतोय, म्हणजे जास्त वाकतोय. तो कडक वागावा म्हणून १७५ ग्रेनऐवजी (ग्रेन म्हणजे टोकाच्या वजनाचं माप) १४५चं टोक लावा, नाहीतर शाफ्ट एका वेळी पाव इंचच कापा, कापलेलं परत जोडता येत नाही. शेवटी तेवढ्याच वजनाचं ब्रॉडहेड (शिकारीचं रुंद धारदार टोक) लावून तपासाच.