मदत हवी आहे: काळी मंदिरं, पांढरा मकबरा आणि माझे फिके फोटो

मंडळी, मी लातूरचा. सुट्टी मिळाली की मराठवाड्यातली जुनी मंदिरं, गढ्या, किल्ले बघत हिंडतो. कॅमेरा निकॉन डी ३५०० आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स. माणसांचे, जत्रेतले फोटो बरे येतात. समोर इमारत आली की सगळं बिनसतं.

पहिली अडचण उजेडाची. निलंग्याच्या नीलकंठेश्वराचा दगड डोळ्यांना काळाकुळकुळीत दिसतो. फोटोत तो सिमेंटच्या रंगाचा येतो आणि वरचं आभाळ पांढरंफटक. बीबी का मकबऱ्याला नेमकं उलटं झालं, पांढरी इमारत मळकट आली. कॅमेरा तोच, ऑटो मोड तोच. मग दोन ठिकाणी दोन तऱ्हा का?

दुसरी अडचण, मकबऱ्याचे मिनार. माझ्या फोटोत चारही मिनार घुमटाकडं कलंडलेत. घरच्यांनी विचारलं, खरंच असे बांधलेत का.

तिसरी अडचण वेळेची. ज्याला विचारावं तो सांगतो, "सकाळी लवकर जा, कोवळ्या उन्हात काढ." या जूनच्या पहिल्या आठवड्यात मकबऱ्याला सकाळीच पोचलो. आभाळ स्वच्छ, ऊनही पडलेलं, पण दर्शनी बाजू सावलीत. वेरूळला कैलास लेण्यातही सकाळीच गेलो होतो, तिथं अंगण विहिरीसारखं अंधारं. मग कोवळं ऊन पडतं तरी कुठं?

चौथी, खेड्यातल्या मंदिरांची. कोरीव खांब असतो आणि त्याला टेकून पत्र्याचं शेड, वर भोंगा, खांबाला गुंडाळलेली ट्यूबलाइटची वायर, शिल्पांवर पिवळा ऑइलपेंट. यात फ्रेम लावायची कशी?

नवी लेन्स सुचवू नका, ही घेतानाच घरात बरंच ऐकून घेतलंय. आहे त्यात काय सुधारता येईल ते सांगा.

गढीवाला:
पहिल्या अडचणीचं मूळ एकच आहे. कॅमेऱ्याच्या मीटरला दगड काळा की पांढरा हे कळत नाही. समोर जे असेल ते मध्यम राखाडी आहे असं धरून तो उजेड मोजतो. फ्रेमभर काळा बेसाल्ट असला की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो फोटो उजळ करतो. त्यात दगड राखाडी होतो आणि आभाळ जळतं. फ्रेमभर पांढरं असलं की उजेड जास्त आहे असं समजून तो फोटो काळवंडतो.

ऑटो सोडा, 'ए' मोडवर या (यात लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते आपण ठरवतो), छिद्राचा आकडा एफ ८ ठेवा. प्लस-मायनसचं बटण दाबून डायल फिरवली की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो किती उजळ किंवा गडद यावा ते, बदलतं. काळ्या मंदिराला उणे ०.७ पासून सुरुवात करा, मकबऱ्याला अधिक ०.७ पासून. फक्त मकबऱ्याला एक लक्षात ठेवा. तिथं घुमट संगमरवराचा आणि खालचा बराचसा भाग गिलाव्याचा. उन्हात घुमट आधी जळतो, गिलावा तोवर बरा दिसत असतो. म्हणून प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये जाऊन 'हायलाइट्स' चालू करा. जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो. घुमट लुकलुकला की एक पायरी खाली या.

फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. सावलीतला काळा दगड नंतर उजळता येतो, जळालेलं आभाळ परत येत नाही.

तुमच्या मॉडेलला ऑटो ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो आपोआप काढायची सोय, नाही. हातानेच तीन वेगवेगळी एक्स्पोजर घ्यायची. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तेव्हा कॅमेरा कठड्यावर टेकवा आणि टायमर लावा.

वेशीबाहेरचा:
भाऊ, मी बीडचा. तुमचं कुठं बिनसायलंय सांगू का? 'सकाळी जा' म्हणणाऱ्यानं इमारतीचं तोंड कुणीकडं आहे ते विचारलंच नाही. आपल्याकडं घर बघायला गेलं तरी आधी तोंड विचारतात, मंदिराचं का नाही विचारायचं?

कैलास लेणं पश्चिमाभिमुख. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात डोंगर वरून खाली कोरत ते काढलं, त्यामुळं ते तीन बाजूंनी कातळाच्या आत आहे. सकाळचा सूर्य त्या कातळाच्या मागं असतो. तिथं दुपारनंतर जायचं. ऊन कललं की हत्ती, स्तंभ, मंदिराची पुढची बाजू एकेक करून उजळायला लागते. पण फार उशीरही नको, पुढच्या भिंतीची सावली अंगणात चढायला लागते.

मकबरा दक्षिणाभिमुख आहे, आणि तुमची खरी गंमत इथंच झाली. संभाजीनगर साधारण १९.९ अंश अक्षांशावर. १९-२० मेच्या सुमारास तिथं सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत तो दुपारीही किंचित उत्तरेलाच राहतो. म्हणजे जूनमध्ये मकबऱ्याच्या दर्शनी भिंतीला थेट ऊन दिवसभर लागतच नाही. पहाटे चारला जाऊन बसला असता तरी तेच झालं असतं. डिसेंबरात जा. तेव्हा सूर्य उगवतोच आग्नेयेकडं झुकून, दिवसभर दक्षिणेला राहतो. दरवाजातून बघताना सकाळी उजवीकडून ऊन येतं, संध्याकाळी डावीकडून. कमानींच्या कडा, जाळ्या, सगळं उठून दिसतं.

आता हेच उलटं वापरा. हेमाडपंती मंदिराच्या उत्तरेकडच्या भिंतीला थंडीत ऊनच मिळत नाही, ती शिल्पं कायम सावलीत. मे-जूनमध्ये मात्र सकाळ-संध्याकाळ तिच्यावर तिरपं ऊन पडतं. आत्ता ढग नसतील त्या दिवशी निलंग्याला जा आणि उत्तरेची बाजू धरा. तिरप्या उन्हात सुरसुंदरीच्या गळ्यातले दागिने मोजून घ्यावेत इतके स्पष्ट दिसतात. समोरून पडलेल्या उन्हात तेच शिल्प सपाट होतं.

उंबरठा:
मिनारांचं उत्तर सोपं आहे. उंच इमारत मावावी म्हणून कॅमेरा वर केला की उभ्या रेषा वरच्या टोकाला जवळ येतात. कॅमेरा सरळ धरा आणि मागं सरका. लाइव्ह व्ह्यूमध्ये ग्रिड लावून कडा तपासा. कॅमेरा उभा धरला तर खालच्या अर्ध्यात कारंज्यांचा हौद येतो. तो आवडला तर ठेवा, नाहीतर कापा. घरी सॉफ्टवेअरमध्ये सरळ करणार असाल तर चारी बाजूंनी जागा सोडा, त्यात कडा कापल्या जातात.

दरवाजाच्या कमानीतून मकबरा सगळेच काढतात, तुम्हीही काढालच. तिथं कमानीचा अंधार मीटरला फसवतो. आधी मकबऱ्यावर उजेड मोजा, मोजलेला उजेड कायम ठेवणारं एई-एल बटण दाबून धरा, मग फ्रेम लावा.

धागाकर्ता:
जूनमध्ये दर्शनी भिंतीला ऊन लागतच नाही हे वाचून हसू आलं. गाईड, रिक्षावाला, मेहुणा, सगळ्यांनी 'सकाळी लवकर'च सांगितलं होतं. निलंग्याला या रविवारी जातो. पत्र्याच्या शेडचं मात्र कुणी बोललं नाही.

गढीवाला:
कारण त्याला फार उपाय नाही. पूर्ण मंदिर एका फ्रेममध्ये आणायचा हट्ट सोडायचा. ५५ वर झूम करून एक खांब, एक कोनाडा, छतातलं एक फूल घ्या. आतल्या काळोखात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० पर्यंत बिनधास्त जा आणि ट्यूब बंद करायला पुजाऱ्यांना विनंती करा. पिवळ्या ट्यूबचा आणि दारातून येणाऱ्या दिवसाचा उजेड एकत्र झाला की रंग कुठल्याच सेटिंगनं जुळत नाहीत. गाभाऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय नको.

वेशीबाहेरचा:
मला शेडसकट फोटो आवडतो. दोन माणसं त्याच्या सावलीत टेकलेली असली तर उत्तमच, खांब किती उंच आहे तेही कळतं. भोंगा मात्र फ्रेमच्या बाहेर ठेवा, दोन पावलं डावीकडं सरकलं तरी भागतं. आणि कैलासला परत जाणार असाल तर मंगळवार सोडून जा, वेरूळ बंद असतं.