झेडपीच्या शाळेचा धनी कोण?

पारावरचा:
आमच्या गावच्या झेडपी शाळेतली एक खोली निर्लेखनाला (मोडकळीस आली म्हणून पाडायला) निघालीय. ग्रामसभेचा ठराव झाला, बांधकाम विभागाचा अहवाल झाला. आता नवी खोली जिल्हा नियोजनच्या निधीतून की समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेतून, यावर फाईल अडलीय. गुरुजींचा पगार राज्याचा, इमारत जिल्हा परिषदेची, समग्र शिक्षात केंद्र-राज्य 60:40, आणि वीजबिल थकलं की सगळे ग्रामपंचायतीकडे बोट दाखवतात. 42व्या घटनादुरुस्तीने (1976) शिक्षण समवर्ती सूचीत नेलं, 73व्या दुरुस्तीने पंचायतींच्या विषयांतही घातलं. धनी चार, जबाबदार कुणीच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे: शाळेपुरते निर्णय आणि त्यापुरता पैसा शाळा व्यवस्थापन समितीला द्या. 2024-25 चा 'एक राज्य एक गणवेश' आठवा. आधी समिती दोन गणवेशांच्या 600 रुपयांत गावातल्या किंवा तालुक्याच्या शिंप्याकडून काम करून घ्यायची, पोराचं माप घेऊन. मग कापड राज्याने घेतलं आणि शिलाई बचत गटांकडे गेली. कित्येक शाळांत 15 ऑगस्टलाही गणवेश नव्हते. आले त्यांत कुणाची बाही कोपराखाली, कुणाची चड्डी मांडीत अडकलेली. डिसेंबर 2024 मध्ये शासनाने अधिकार मुकाट समित्यांना परत केले.

फडताळ:
गणवेशाचं मान्य. पण त्यावरून सगळं गावाच्या हवाली करा म्हणणं धाडसाचं आहे. शिक्षण हक्क कायद्यात समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, कागदावर असतातही. इतिवृत्त मुख्याध्यापक लिहितात आणि शिपाई सह्यांसाठी घरोघरी फिरतो. आणि पैशाचं काय? एमआयडीसीला खेटून असलेल्या ग्रामपंचायतीला कर मिळतो, ती डिजिटल वर्ग करेल. नंदुरबारकडच्या अक्कलकुव्यातल्या पाड्याने काय करायचं? पगार राज्य देतं म्हणून तर पुण्याजवळच्या हवेली तालुक्यात आणि तिथे वेतनश्रेणी एक आहे. भरतीही गावाकडे देणार का? राज्याच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर नेमणूक होते, ती सरपंचाच्या ओट्यावर आणायची?

खडू-फळा:
भरती कुणी मागितली? मी झेडपीत शिक्षक आहे. पोषण आहाराची माहिती एका ॲपवर, यू-डायस (शाळेची वार्षिक माहिती) वेगळं, त्यात बीएलओची म्हणजे मतदार याद्यांची ड्युटी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कामं द्यायला बंदी आहे, पण निवडणूक, जनगणना आणि आपत्ती यांना सूट आहे, म्हणून तक्रारही करता येत नाही. वरचा प्रत्येक जण माहिती मागतो. खोली गळते हे त्याच माहितीत दरवर्षी भरतो, ते मात्र कुणी वाचत नाही.

दोन आणे:
केंद्राचं कुणी बोललंच नाही. पीएम श्री या निवडक शाळा आदर्श करण्याच्या केंद्राच्या योजनेचा करार केला नाही म्हणून तामिळनाडूचा समग्र शिक्षाचा निधी अडवला. 2025 मध्ये ते राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. महाराष्ट्राने सही केली, म्हणून आपल्याला चटका बसला नाही इतकंच.

फडताळ:
पैसे देणारा अटी घालणारच. पण एका योजनेच्या सहीसाठी दुसऱ्या योजनेचे पैसे रोखणं दांडगाईच आहे, तिथे मी तुमच्या बाजूने.

पारावरचा:
फडताळराव, पगार आणि भरती राज्याकडेच राहू दे, मी कधी नको म्हटलं? दुरुस्ती, गणवेश, वीजबिल एवढं तरी खाली सोडा. आणि मध्ये जिल्हा परिषद आहे ना, तिने लक्ष ठेवावं. पण 2022 मध्ये मुदत संपल्यावर बहुतेक झेडप्या वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती होत्या. सदस्यच नसेल तर अडलेल्या फाईलचा जाब कुणाला विचारायचा?

फडताळ:
सदस्य होते तेव्हा तरी कुठे विचारला? शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन होऊन सदस्यांच्या हातून गेल्यापासून झेडपीच्या शिक्षण समितीवर जायला आमच्याकडे कुणी उत्सुक नसतं. सगळ्यांना बांधकाम समिती हवी असते.