स्वतःचा मोडेम बनवला म्हणून पेटंटचा हप्ता चुकत नाही

बेसबँड_सातारा:
काल आपल्या सातारा-सांगली मोबाइलवाल्यांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली. "ॲपलने स्वतःचा मोडेम बनवला, क्वालकॉमचा हप्ता बंद! आपल्या कंपन्या कधी शिकणार? परवान्यावर पैसे उधळण्यापेक्षा मोडेम बनवा." खाली अंगठ्यांची रांग लागली. मोडेम म्हणजे फोनला टॉवरशी बोलायला लावणारी चिप, आणि क्वालकॉम ही अशा चिपही विकणारी आणि पेटंटांचा हप्ताही घेणारी अमेरिकन कंपनी. हप्ता नेमका कशाचा असतो, हे एकानेही विचारलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

चिप घेणं आणि परवाना घेणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत. मोडेम चिप ही वस्तू आहे. परवाना असतो तो ४जी-५जीच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-टॉवरांनी पाळायच्या ठरलेल्या नियमांत, बसलेल्या पेटंटांचा. एक उदाहरण घ्या. टॉवरकडून डेटा आला की तो 'मिळाला' की 'परत पाठव', हे फोनने ४जीच्या एफडीडी बँडवर (जिथे पाठवायला आणि घ्यायला फ्रिक्वेन्सीचे वेगळे पट्टे असतात) बरोबर चार मिलिसेकंदांनी कळवायचं असतं. अशा हजारो पद्धती स्टँडर्डमध्ये आहेत आणि त्यातल्या ढीगभर पद्धतींवर कोणाची ना कोणाची पेटंटं आहेत. त्या टाळून फोन नेटवर्कवर बसूच शकत नाही. चिप ॲपलच्या क्युपर्टिनोत डिझाइन करा नाहीतर आपल्या कुपवाडच्या एमआयडीसीत, पद्धत तीच राहते आणि पेटंटही तेच राहतं.

ॲपलचा सी१ मोडेम फेब्रुवारी २०२५ मध्ये आयफोन १६ई मधून आला, सी१एक्स त्याच वर्षी सप्टेंबरात आयफोन एअरमधून. पण क्वालकॉमशी पेटंट परवान्याचा करार १ एप्रिल २०१९ पासून सहा वर्षांचा होता आणि तो मार्च २०२७ पर्यंत वाढवलेला आहे. म्हणजे स्वतःचा मोडेम असलेला आयफोनही परवान्याखालीच विकला जातोय.

आता दर बघा. क्वालकॉमचा ५जी मल्टिमोड (५जीबरोबर जुनी नेटवर्कंही पकडणाऱ्या) फोनचा जाहीर दर फोनच्या घाऊक किमतीच्या ३.२५ टक्के, आणि हिशोबाला किमतीची कमाल मर्यादा ४०० डॉलर. म्हणजे एका फोनमागे जास्तीत जास्त १३ डॉलर. एरिक्सनचा अडीच ते पाच डॉलर, नोकियाचा तीन युरोपर्यंत, हुआवेचा अडीच डॉलरपर्यंत. घासाघीस होऊन प्रत्यक्षात आकडे खाली येतात, मान्य. पण १०,००० रुपये घाऊक किमतीच्या फोनवर एकट्या क्वालकॉमचे जाहीर दराने ३२५ रुपये होतात, आणि यात चिपची किंमत एक पैसाही धरलेली नाही. चिप मीडियाटेकसारख्या दुसऱ्या कंपनीची असली तरी हे देणं उभंच असतं.

मिरज_जंक्शन:
अर्धंच सांगितलंत, साहेब. व्यवहार दोन आहेत हे कागदावर. टेबलावर बसल्यावर ते एकच होतात.

ॲपलने जानेवारी २०१७ मध्ये क्वालकॉमवर दावा लावला. २०१८ च्या आयफोन एक्सएस मध्ये सगळे मोडेम इंटेलचे होते. पण इंटेलचा ५जी मोडेम वेळेत होईना. १६ एप्रिल २०१९ ला ॲपलने तडजोड केली आणि त्याच दिवशी इंटेलने फोनच्या ५जी मोडेममधून अंग काढून घेतलं. त्या तडजोडीतून त्या तिमाहीत साडेचार ते ४.७ अब्ज डॉलर जमा होतील असं क्वालकॉमने जाहीर केलं. हातात ५जी चिप असती तर ॲपल त्या भावाला तयार झालं असतं का? परवान्याचा भाव पेटंटांच्या मोलाने ठरला नाही, चिप नव्हती म्हणून ठरला.

"आधी परवाना, मगच चिप" हे क्वालकॉमचं धोरण अमेरिकेत २०१९ मध्ये खालच्या कोर्टाने चुकीचं ठरवलं, पण ऑगस्ट २०२० मध्ये अपिलात तो निकाल उलटला. कोरियात २०१६ मध्ये १.०३ लाख कोटी वॉनचा दंड झाला आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. म्हणजे कोर्टावर भरवसा ठेवता येत नाही, देशागणिक वेगळं उत्तर मिळतं. स्वतःचा मोडेम असला की "चिप देणार नाही" ही धमकी निघून जाते. हा फायदा टक्क्यांत मांडता येत नाही, म्हणून तो नाहीच असं लिहू नका.

आणखी एक. जुलै २०१९ मध्ये ॲपलने इंटेलचा फोन-मोडेम विभाग एक अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, तेव्हा २,२०० माणसांबरोबर पेटंटंही आली आणि ॲपलकडची वायरलेस पेटंटं १७,००० च्या वर गेली. देवाणघेवाणीला हातात काहीतरी लागतं, ते तिथून मिळालं.

बेसबँड_सातारा:
सौदा करायची ताकद वाढते, हे मान्य करावं लागेल. मूळ लेखात ते यायला हवं होतं. पण त्या पोस्टमध्ये "हप्ता बंद" लिहिलंय. हप्ता बंद होत नाही, फार तर कमी होतो.

आणि स्वतःचा मोडेम असला की कोणी अडवू शकत नाही, हेही खरं नाही. हुआवेकडे स्वतःचा बालाँग मोडेम होता, तोही नंबर एकच्या रांगेतला. अमेरिकी निर्बंधांनी बाहेर चिप छापून घ्यायची वाट बंद झाली आणि २०२१ चा पी५० सिरीजचा फोन ४जीवर विकावा लागला. डिझाइन तुमचं, पण फाउंड्री (चिप छापणारा कारखाना) दुसऱ्याची, हे विसरू नका. सॅमसंगकडे एक्सिनॉस मोडेम आहे, तरी गॅलेक्सी एस२३ जगभर क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगनवर आला.

या धंद्यातून बाहेर पडलेल्यांची नावं बघा: एसटी-एरिक्सन २०१३, ब्रॉडकॉम २०१४, एनव्हिडिया २०१५, इंटेल २०१९. ओप्पोने झेकू हा चिप विभागच मे २०२३ मध्ये बंद केला. यातल्या कुणाकडे हुशार माणसं नव्हती का? बेसबँड, म्हणजे मोडेमचा मेंदू, लिहिणं हे खरं काम नाही. जगभरच्या टॉवरांच्या तऱ्हा सांभाळणं हे खरं काम आहे. सी१ ची चाचणी ५५ देशांत १८० ऑपरेटरांबरोबर झाली, तरी त्यात मिलिमीटर वेव्ह (५जीचे सगळ्यात वेगवान, पण कमी पल्ल्याचे बँड) नाही. इतका पैसा ओतून एवढं. "आपल्या कंपन्यांनी बनवावा" म्हणणाऱ्यांनी हा खर्च आधी मोजावा.

पाटण_खोरं:
तुमचे डॉलर आणि वॉन तुमच्यापाशी ठेवा. कोयनेच्या खोऱ्यात, जावळीत, कासच्या पलीकडच्या वाड्यांत फोनला रेंज येते का, हा प्रश्न कोणाच्या तोंडी नाही. महागाचा फोन चालतो आणि स्वस्तातला त्याच अंगणात मुका होतो. मग मोडेम स्वस्तातला घातला म्हणूनच ना? कंपनीने परवान्यात पैसे घालवले आणि मोडेममध्ये काटकसर केली, सरळ हिशोब आहे.

गणपती_पेठ_सांगली:
मोडेमला शिव्या द्यायच्या आधी अँटेना बघा राव. रेंजच्या दहा तक्रारींत बेसबँड क्वचित असतो. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये जाऊन 'मोडेम फर्मवेअर' ही ओळ बघायची. ती कोरी असेल आणि *#०६# ला आयएमईआय येत नसेल, तर बेसबँड बोलत नाही. ओळ भरलेली असेल तर मोडेम जागा आहे, दोष पुढे शोधायचा.

पुढे म्हणजे ट्रान्सीव्हर (रेडिओ लहरी घेणारी-सोडणारी चिप), पॉवर ॲम्प्लिफायर, फिल्टर, अँटेना स्विच, आणि खालच्या सब-बोर्डकडे जाणारी अँटेनाची बारीक कोॲक्स वायर. डिस्प्ले किंवा बॅक पॅनेल बदलताना ही वायर उचलली जाते आणि परत 'टक्' करून बसत नाही. सगळं जोडून दिल्यावर वाय-फाय ठणठणीत, सिमला दोन काड्या. गिऱ्हाईक म्हणतं मोडेम गेला, आणि शिकाऊ पोरगा हीट गन काढून बेसबँड री-बॉल करायला, म्हणजे चिप उचलून तिचे डाख नव्याने घालायला, बसतो. आयफोनमध्ये तर बेसबँड आपल्या ईईप्रॉमशी (छोट्या मेमरी चिपशी) बांधलेला असतो. दुसऱ्या बोर्डावरचा नुसता बेसबँड आणून लावला तर चालत नाही, जोडी हलवावी लागते. दहा मिनिटांचं काम, बोर्ड जाळून संपतं.

पाटण_खोरं:
म्हणजे खोऱ्यातल्या सगळ्यांच्या वायरी निखळल्यात? शहरात टॉवरखाली बसून असं बोलणं सोपं आहे. नवा, सील फोडलेला फोनसुद्धा तिकडे तसाच वागतो. त्याला कोणत्या कारागिराने उघडलं होतं?

बेसबँड_सातारा:
पाटणकर, राग समजतो, पण वाद आकड्यांवर घाला. फोनवरच्या काड्या ही कंपनीने काढलेली रांगोळी आहे, प्रत्येकीची वेगळी. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करा, बऱ्याच अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#*. तिथे आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद, बघा. उणे ८५ च्या आसपास उत्तम, उणे १०५ ला कामचलाऊ, उणे ११५ च्या खाली कॉल तुटायला लागतो. शेजारी एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ, तो बघा. आरएसआरपी बरा आणि एसआयएनआर शून्याच्या खाली असेल तर दोन टॉवर एकमेकांवर बोलतायत, फोन बदलून उपयोग नाही.

दुसरं, बँड. भारतात ५जीचा मुख्य भार एन७८ वर, म्हणजे ३३०० मेगाहर्ट्झच्या वर. ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ २०२२ च्या लिलावात खासगी कंपन्यांपैकी फक्त जिओने घेतला. ७०० आणि ३५०० मध्ये पाचपट फरक, म्हणजे मोकळ्या हवेतसुद्धा १४ डेसिबलचा तोटा. डोंगराची धार ओलांडून खाली वाकायचं तर आणखी. ज्या फोनात एन२८ नाही त्याला एन२८ चा टॉवर दिसतच नाही. बाहेरून आणलेल्या फोनांची हीच अडचण होते. खोक्यावरच्या '५जी' शब्दावर जाऊ नका, बँडची यादी वाचा.

आणि एनएसए नेटवर्कवर, म्हणजे ४जीच्या आधारावर चालणाऱ्या ५जीवर, ५जीचं चिन्ह ४जीच्या अँकर (आधाराच्या) सेलच्या इशाऱ्यावरही उमटतं. चिन्ह दिसतं, पण एन७८ जोडलेला नसतो. खोऱ्यात फोन ४जी आणि ५जीमध्ये ये-जा करत बसतो आणि बॅटरी दुपारीच बसते. तिथे नेटवर्क ४जीवर ठेवा. फोन तापतो तोही बेसबँडमुळे नाही. लांबच्या टॉवरला ऐकू जावं म्हणून ॲम्प्लिफायर पूर्ण २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॉट सोडत राहतो.

मिरज_जंक्शन:
इथे मी पाटणकरांच्या बाजूने. बँड सारखे, अँटेना शाबूत, तरी दोन मोडेम वेगळे वागतात. कमकुवत सेलला किती वेळ चिकटून राहायचं, शेजारचे सेल किती वेळा मोजायचे, यात मोडेमवाल्याला बरीच मोकळीक असते. बाजूबाजूला ठेवलेल्या फोनांपैकी एक कॉल सोडतो आणि दुसरा धरून ठेवतो, तो फरक इथून येतो. आणि म्हणूनच स्वतःचा मोडेम हवा. सी१ मध्ये नेटवर्क तुंबलं की कोणता डेटा तातडीचा हे प्रोसेसर मोडेमला सांगू शकतो. विकतच्या चिपवर फोन कंपनीला इतकं आत शिरायला मिळत नाही.

सॉफ्टवेअरचं वजन बघायचं असेल तर २०२२ आठवा. ऑक्टोबरात ५जी सुरू झालं, आयफोनमध्ये क्वालकॉमचे उत्तम मोडेम बसलेले, आणि तरी भारतात ५जी चालू व्हायला डिसेंबरातला आयओएस १६.२ यावा लागला.

कराड_इलेक्ट्रॉनिक्स:
रेंजवरून मूळ मुद्द्याकडे येतो, कारण दोन्हीचा सांधा एकाच ठिकाणी आहे. लावा या भारतीय फोन कंपनीचं प्रकरण बघा. चिप विकत घेतलेल्या होत्या, तरी मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एरिक्सनला २४४ कोटी रुपये द्यायला सांगितलं. रॉयल्टी चिपच्या किमतीवर मोजा हा लावाचा युक्तिवाद टिकला नाही, पूर्ण फोनची किंमत धरली गेली. मोडेम स्वतः बनवला असता तरी हे देणं चुकलं नसतं. इथे बेसबँडदादांचं म्हणणं बरोबर आहे.

पण त्यावरचा उपाय दोघांनीही सांगितला नाही. पेटंट मिळतं ते स्टँडर्ड लिहिलं जातं त्या खोलीत. आयआयटी मद्रास, आयआयटी हैदराबाद आणि सेविट ही संशोधन संस्था यांनी ५जीआय हे भारतीय ५जी स्टँडर्ड मांडलं ते खेड्यासाठीच होतं. टॉवर एकमेकांपासून सहा किलोमीटरवर, माणसं चालत किंवा सावकाश वाहनात, आणि फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचावा म्हणून पाय-बाय-टू बीपीएसके ही सिग्नल पाठवायची पद्धत. पुढे ते ३जीपीपीच्या, म्हणजे मोबाइलचं जागतिक स्टँडर्ड लिहिणाऱ्या संघटनेच्या, रिलीज १७ मध्ये मिसळलं. पाटण खोऱ्याचा प्रश्न स्टँडर्डच्या भाषेत मांडायचा तो असा. आपल्या कंपन्यांनी आधी त्या बैठकांना माणसं पाठवावीत, वर्षानुवर्षं. मोडेमची फॅक्टरी नंतर.

मिरज_जंक्शन:
बैठकांना माणसं पाठवून दहा वर्षांनी पेटंट येईल. तोवर चिप कोणाची घालणार? दोन्ही बरोबरीने करावं लागेल. "नंतर" म्हटलं की ते कधीच होत नाही.

पाटण_खोरं:
आकडे मागितलेत, हे घ्या. एकच सिम, एकच ओटा, दोन्ही फोन ४जीच्या बँड ५ वर. पहिला उणे १०३, एसआयएनआर ९. दुसरा उणे १२०, एसआयएनआर उणे २. दुसऱ्यात अँटेनाप्रमाणे वेगळे आकडे दिसतात, एक उणे १२० आणि दुसरा उणे १०६. मोडेम नाही म्हणता तर मग हे काय?

गणपती_पेठ_सांगली:
मर्दा, आता बोललास! एकाच फोनच्या दोन अँटेनांत १४ डेसिबलचा फरक. मोडेम वाईट असता तर दोन्ही पडले असते. मुख्य अँटेना जोडलेली नाही, फोन दुसरीवर तग धरून आहे. मागचं कव्हर काढ. सब-बोर्डच्या कोपऱ्यात काळी किंवा पांढरी कोॲक्स असेल, दोन्ही टोकांची गोल टोपी प्लॅस्टिकच्या स्पजरने (चपट्या काडीने) सरळ वरून दाब. तिरकं दाबू नको, बोर्डावरचं कनेक्टर निघून येतं. मग त्याच ओट्यावर, त्याच बँडवर परत मोज. कव्हरला चुंबकाच्या होल्डरसाठी पत्रा चिकटवला असेल तर तो आधी काढ. आकडा उणे १०५ च्या आसपास आला नाही, तर अँटेना स्विचपर्यंत कंटिन्युटी (जोड कुठे तुटला नाही ना) तपासावी लागेल. त्यासाठी फोन इकडे पाठव.

पाटण_खोरं:
पत्रा आहे. काढून मोजतो. पण नव्या, सीलबंद फोनाचं उत्तर अजून मिळालेलं नाही, ते सोडणार नाही.

बेसबँड_सातारा:
त्या नव्या फोनाचा मॉडेल नंबर आणि बँडची यादी टाका. त्यात बँड ५ आणि एन२८ आहेत का ते आधी बघू.